पहिल्या तिघी आणि ‘व इतर’

आमच्या ग्रंथालयात पहिला संगणक आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. धूळ जाऊ नये हे त्याचं कारण. पण आमचे ग्रंथपाल ज्या भक्तिभावानं आत शिरायचे ते पाहून नवख्या माणसाला वाटावं, आत मूर्तीच आहे. त्यांना आम्ही सर म्हणायचो. मी त्यांची सहायक. पहिल्या दिवशी सरांनी यंत्राला हार घातला, नारळ मात्र व्हरांड्यात फोडला. यंत्राजवळ द्रवपदार्थ नेऊ नयेत असं सोबतच्या पुस्तिकेत छापलं होतं. त्यात नारळाचा उल्लेख नव्हता, पण सरांनी तो अर्थ काढला.

शहराबाहेर वाळूजला तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. आमच्या गारखेड्याच्या चौकातून कंपन्यांच्या बसगाड्या सकाळीच माणसं गोळा करत निघायच्या. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा कैक वर्षं चालून नुकताच संपला होता. त्यात लोकांनी लाठ्या खाल्ल्या, गावोगावी वस्त्या जळाल्या. सरांच्या टेबलावर मात्र ते नामांतर पुस्तकांच्या नोंदीच्या कार्डांच्या गठ्ठ्यातून आलं. विद्यापीठानं जुन्या नावाखाली छापलेली पुस्तकं जुन्या नावाखालीच ठेवायची, नवी नव्याखाली, आणि दोन्हीकडं ‘हेही पाहा’ असं लिहून एकमेकांकडं बोट दाखवायचं. सरांनी ती सगळी कार्डं स्वतःच्या हातानं लिहिली. त्या दिवसांत कुणी चहा विचारला तरी ते मान वर न करता ‘हेही पाहा’ म्हणतील की काय, अशी मला धास्ती वाटायची.

कुठल्याही वस्तूची माहिती ठरलेल्या खान्यात, ठरलेल्या क्रमानं बसली पाहिजे, हा सरांचा धर्म. खान्यांना आकडे होते. शंभर म्हणजे कर्ता, दोनशे पंचेचाळीस म्हणजे शीर्षक. असं केलं की जगातल्या कुठल्याही ग्रंथालयाला आपली नोंद वाचता येते, असं ते सांगायचे. जग आमच्या नोंदी वाचायला टपून बसलंय, अशी त्यांची खात्री होती. ह्याला मेटाडेटा म्हणतात हे अजून आमच्या गावीही नव्हतं. आम्ही आपलं ‘नोंद’ म्हणायचो. सरांच्या घरी मिठाच्या बरणीवर ‘हेही पाहा: सैंधव’ अशी चिठ्ठी होती. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, “पाहते की मी. पण सैंधव आणायचं ह्यांच्या लक्षातच राहत नाही.”

लढ्याची पत्रकं, फोटो, कॅसेटी जमवाव्यात, आधी त्यांच्या नोंदी संगणकात भराव्यात आणि पुढं जमेल तेव्हा मूळ आवाज आणि चित्रंही त्यात उतरवावीत, असं सरांच्या मनात आलं. लोकांना तसं कळवलं, आणि माणसं पिशव्या घेऊन येऊ लागली. त्यातच एक मावशी आल्या. बिडकीनकडच्या एका खेड्यातल्या. मुलगा वाळूजच्या कंपनीत लागला म्हणून आता शहरात राहत होत्या. दारात चपला काढायला सांगितल्यावर त्यांनी आत डोकावलं.

“देव हाय का आत?”

“नाही, मशीन आहे,” सर म्हणाले.

“मंग कशापाई काढू?” असं विचारून त्यांनी काढल्या मात्र.

त्यांच्याजवळ एक कॅसेट होती. लढ्याच्या दिवसांत एका विद्यार्थ्यानं त्यांच्या वस्तीतल्या बायांचं गाणं त्यात भरून घेतलं होतं. आम्ही ती लावली. आधी एकच जाड, खरखरीत आवाज निघाला; मग बाकीच्या बाया त्यात मिसळल्या. शाळेला निघालेल्या लेकीला आई वेशीपासून विद्यापीठापर्यंतची वाट सांगते, असं ते गाणं होतं. मधेच कुणीतरी खोकलं, कुणीतरी पोराला गप्प केलं. मी आयुष्यात पुष्कळ कॅसेटी नोंदवल्या, पण त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला.

कॅसेटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. नावं लिहिली असती तर गावात जड गेलं असतं, मावशी म्हणाल्या. आता तशी भीती उरली नव्हती. आता नावं लागलीच पाहिजेत, असं म्हणून त्या खुर्चीत सरसावून बसल्या. सरांनी पेन उघडलं. मावशींनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग एका जावेचं, मग शेजारणीचं. चौथं सुरू केलं तसं सरांनी हात वर केला.

“बास. आता ‘व इतर’.”

“इतर म्हंजी?”

“बाकीच्या.”

“बाकीच्या म्हंजी कोन?”

सरांनी समजावलं. नियमच तसा होता. तिघांपर्यंत सगळ्यांची नावं द्यायची. चौथं माणूस आलं की फक्त पहिलं ठेवायचं आणि पुढं ‘व इतर’. म्हणजे खरं तर आता जाऊबाई आणि शेजारीणही गळणार होत्या. सरांनी हेही प्रामाणिकपणे सांगून टाकलं. प्रामाणिकपणा कुठं आवरावा हे त्यांना कधी कळलं नाही.

मावशी चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “सायेब, आमच्या वस्तीला आग लावली तवा समद्यांची घरं जाळली. तितं कुनी तिघींवर थांबलं नाय.”

सर नियमांचं जाडजूड पुस्तक काढून पानं उलटू लागले. मला त्यांचा भयंकर राग आला. आत्ता ह्या क्षणीही ह्यांना पुस्तक लागतं! एका पानावर ते बराच वेळ अडून राहिले. मग ते मिटून म्हणाले, “हा नियम कार्डाच्या काळातला आहे. कार्डावर जागा नसायची.” पडद्याकडं त्यांनी एकदा पाहिलं. “इथं आहे. बोला, पुढचं नाव?”

माझ्या माहितीत सरांनी मोडलेला तो पहिलाच नियम. तोही त्यांनी कारण शोधून मोडला.

नावं येत गेली. कुणी वारलेल्या, कुणी पुण्याला लेकाकडं गेलेल्या. शेवटी सरांनी विचारलं, “आणि तो सुरुवातीचा आवाज? जाडसर?”

“त्या माज्या सासूबाई. गानं त्यांचंच. आमाला त्यांनीच शिकवलं.”

“नाव?”

मावशी पदर बोटाला गुंडाळत राहिल्या.

“आत्याबाई म्हनायचो,” त्या हळूच म्हणाल्या. “गावात समदे थोरली म्हनायचे. सासूचं नाव सून कशी घेनार? कुनाला इचारलं बी नाय कदी.” सासूबाई जाऊन वर्षं झाली होती, मावशींचा नवराही गेला होता. एका नावासाठी वर्षानुवर्षं मोर्च्यात चाललेली ही बाई, आणि जिच्याकडून गाणं घेतलं तिचंच नाव तिला ठाऊक नव्हतं. मला तिच्याकडं बघवेना.

सरांकडं अशा वेळेसाठी एक शब्द तयार असायचा: अज्ञात. पेन कागदाला टेकलं होतं.

“आज्ञात लिवू नका,” मावशी म्हणाल्या. “थांबा तुमी.”

आणि सर थांबले. अर्धी नोंद पाहिली की ज्यांना जेवण जात नसे, त्यांनी तो कागद तसाच टेबलावर ठेवला. रोज येता-जाता त्याच्याकडं बघायचे आणि माझ्यावर खेकसायचे. मी समजून घेत होते.

काही दिवसांनी मावशी आल्या त्या थेट प्रवासातूनच, हातात पिशवी घेऊन. सासूचं माहेर फर्दापूरकडचं; तिथं जाऊन एका म्हाताऱ्या चुलत भावाला गाठलं होतं. त्यानंही आधी ‘आक्का’च सांगितलं म्हणे, बऱ्याच वेळानं त्याला खरं नाव आठवलं. मावशी यंत्रासमोर बसल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि नाव घेतलं. इतकं हळू, की आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही.

“पुन्हा सांगा,” सर म्हणाले.

ह्या खेपेला त्या मोठ्यानं बोलल्या. सरांनी ते शंभराच्या, म्हणजे कर्त्याच्या खान्यात, सगळ्यांच्या आधी भरलं. मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून पडदा त्यांच्याकडं वळवून नाव कुठं आहे ते दाखवलं. मावशींनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं. पडद्याला कुणी हात लावलेला सरांना एरवी खपत नसे.

“जित्ती असती आन म्या असं नाव घेतलं असतं,” मावशी म्हणाल्या, “तर थोबाड फोडलं असतं आत्याबाईनं.” आणि बोट न उचलता त्या मोठ्यानं रडू लागल्या.