अवंतिका आणि लाडवांचा डबा

अवंतिका सांगलीची. टोरोंटोत पत्रकारिता शिकते, एटोबिकोत एका बेसमेंटमध्ये राहते आणि शनिवार-रविवार ग्रोसरी स्टोअरमध्ये उभी असते. मुलाखत घ्यायला माझ्या दारात पहिल्यांदा आली तेव्हा नुसते स्नोबूट काढायला तिला पाच मिनिटं लागली. मला कुठला एवढा धीर! म्हटलं, "अगं, एका पायावर उभी राहूनच विचार प्रश्न!"

आमचा बसस्टॉप हलवून पार उताराच्या खाली नेला होता. बर्फात तिथवर जायचं म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांच्या जिवावर येतं. कॉलेजच्या पेपरात तिची पहिली बातमी यावरच येणार होती. मी भडाभडा बोलले. तिने सगळं उतरवून घेतलं, वर माझी एक तारीख चुकल्याचंही सांगितलं. पोरगी आवडली. निघताना बेसनाच्या लाडवांचा डबा तिच्या हातात कोंबला. "नको, काकू," दोनदा म्हणाली. दोनदा नको म्हणायचंच असतं आपल्यात. मी कशाला ऐकतेय?

चौथ्या दिवशी डबा परत. भरलेलाच.

"आवडले नाहीत?"

"एक खाल्ला, काकू. तेच तर नडलं. जिची मुलाखत घ्यायची तिच्याकडून काही घ्यायचं नसतं. मी एडिटरबाईंना सांगितलं."

"कशाला सांगायला गेलीस? तिला काय वास येणार होता?"

"मला माहीत होतं ना."

एडिटरबाईंनी माझं बोलणं सगळं काढून टाकलं होतं, आणि बातमीत दुसरं काही नव्हतंच. शुक्रवारपर्यंत दुसरं कुणी बोललं नाही, तर बातमी रद्द.

मी कोट चढवला. "चल."

उतारावर दीनानाथ भेटले. नागपूरचे, रिटायर्ड इंजिनिअर, काठी टेकत चढत होते. "ही पत्रकार आहे. हिच्याशी बोला," म्हटलं आणि गप्प उभी राहिले. अर्धा तास! ते काठी कुठे घसरली ते सांगताना मध्येच त्यांच्या भिलाईच्या नोकरीवर गेले, तरी मी तोंड उघडलं नाही. अवंतिकानेच त्यांना हळूच परत उतारावर आणलं.

शेवटी त्यांनी खिशातून आलेपाकाची वडी काढली. ती दोन पावलं मागे सरकली.

"काका, नको. खरंच नको. हे तीनदा धरा."

शुक्रवारी बातमी आली. दीनानाथांचा काठीसकट फोटो, माझं नाव कुठेच नाही. संध्याकाळी ती पेपर दाखवायला आली. मी तोच डबा समोर ठेवला.

"आता मी तुझ्या बातमीत नाही ना?"

"नाही, काकू."

या वेळी तिने एकदाही नको म्हटलं नाही. चार खाल्ले.