कोपऱ्यावरचे तीन टाके

प्रवासाची पिशवी आधी कोपऱ्यात फाटते. हे मी तळेगावजवळच्या एका बॅगांच्या कारखान्यात शिकले. तिथल्या सॅम्पल विभागात मी नऊ वर्षं होते. नव्या बॅगेचा पहिला नमुना शिवायचा, त्यात विटा भरून ती पुन्हा पुन्हा आपटायची आणि कुठे उसवली ते लिहून द्यायचं, हे आमचं काम. एके दिवशी तो विभाग दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरलं. आम्हाला दुपारी चहा-बिस्किटं दिली, एकेक पाकीट दिलं आणि घरी पाठवलं. लोणावळ्यात बाजारामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीतला सोफा मी विकला आणि तिथे मशीन मांडलं. दुसरं काही येत नव्हतं, म्हणून प्रवासाचंच सामान शिवायला घेतलं: पासपोर्टचं पाकीट, चपलांची पिशवी, बॅगेला अडकवायचे टॅग.

कापडासाठी मी पवनानगरला जायला लागले. धरणाच्या काठाने तिकडे तंबूंचे कॅम्प झालेत. वाऱ्यापावसात फाटलेले तंबू कॅम्पवाले मागच्या बाजूला फेकून देतात. ते कापड हलकं, चिवट, पाणी न धरणारं. एका कॅम्पच्या मागे असे तंबू निवडत असताना शेजारच्या घराच्या पत्र्याच्या पडवीत गोधड्या दुरुस्त करत बसलेली एक बाई दिसली. साठीच्या आसपासची, सडपातळ. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, दोन्ही मनगटांवर गोंदलेलं. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात एकटीच. कॅम्पवाल्यांच्या आणि गावातल्या लोकांच्या गोधड्या शिवून ती राहत होती.

मी सवयीने गोधडीचा कोपरा धरून जोरात ओढला. तो जरासुद्धा हलला नाही. पुन्हा ओढला. मग उन्हात नेऊन पाहिला. धावदोरा वळणाशी थांबत होता आणि तिथून तीन आखूड टाके पंज्यासारखे फुटत होते. मधला खालच्या थरातून आलेला, बाजूचे दोन वरच्या.

"हे काय आहे, मावशी?"

"चिमनीचं पाऊल म्हनते मी त्येला."

"आईने शिकवलं का?"

"आयला कुटं येत हुतं! माजी पोरगी ल्हान असताना गोधडीचा कोपरा तोंडात धरून चगळायची. रोज उसवायचा. मग म्या असं करून बगितलं, तसं करून बगितलं. शेवटाला ह्ये टिकलं. हितं दुसऱ्या कुनाला येत न्हाई."

हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

नगामागे पैसे ठरवून आमचं काम सुरू झालं. मी घरी कापून घ्यायचे. बाहेर तंबूचं कापड, मध्ये आणि आत जुन्या सुती साड्या. मंगळवारी गठ्ठा घेऊन कामशेतला उतरायचं आणि वडापच्या, सीट भरली की निघणाऱ्या जीपने पवनानगर. मावशी थर एकत्र शिवायची, कोपरे करायची. चेन आणि नाड्या मी घरी लावायचे. दुपारचं जेवण तिच्याकडेच व्हायचं. धरणातला मासा मिळाला असला तर कालवण, नाहीतर पिठलं.

पहिल्यांदा पासपोर्टचं पाकीट दिलं तेव्हा तिने विचारलं, "ह्यात काय ठेवत्यात?"

मी पासपोर्ट म्हणजे काय ते सांगितलं.

"आनि ह्ये हरवलं तर?"

"तर मग माणूस परदेशात अडकतो. घरी येता येत नाही."

"आगं बया," ती म्हणाली आणि शिवलेला कोपरा उसवून पुन्हा घातला. "मग पक्कं पायजे."

तिच्या कमरेला पानतंबाखूची चंची असायची. कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून नाडीने बांधायची. ती पाहून मी चार्जर आणि वायरी ठेवायची गुंडाळी काढली. आमच्या मालात सगळ्यात जास्त तीच खपली. कुणी विचारलं की मी सांगायचे, "माझंच डिझाइन आहे." सांगताना काही चुकतंय असं मनातसुद्धा यायचं नाही.

पुण्याच्या एका प्रदर्शनात मी टेबल मांडलं तेव्हा मला एक गोष्ट कळली. शहरातली माणसं कापडाला हात लावायच्या आधी त्यामागची गोष्ट विचारतात. कोण शिवतं? कुठे शिवतं? जुनी कला आहे का? शेजारच्या टेबलावरची बाई तिच्या मातीच्या भांड्यांबद्दल इतकं बोलायची की लोक भांडी न बघताच घेऊन जायचे. मी घरी आले आणि माझ्या मालासाठी चिठ्ठी लिहायला बसले. माझ्या मुलीने इंग्रजी नीट करून दिलं. वर वळणदार अक्षरांत माझं नाव. खाली मजकूर असा: सह्याद्रीच्या कुशीतली शेकडो वर्षांची टाक्यांची परंपरा, मावळातल्या अनाम हातांनी जपलेली.

मावशीचं नाव मला माहीत होतं. आडनाव, गाव, मुलीचं सासर, सगळं माहीत होतं. पण 'अनाम हात' वाचायला बरं वाटत होतं. चिठ्ठ्या छापून आल्या आणि माल खरंच जास्त खपायला लागला. त्यातली एक चिठ्ठी मी मावशीला दाखवली. ती म्हणाली, "कागद लय गुळगुळीत हाय." इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं आणि मी वाचून दाखवलं नाही.

खंडाळ्याच्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांसाठी छोटं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंनी त्याच प्रदर्शनात आमचा माल पाहिला आणि दुकानात ठेवायला घेतला. दोन हंगाम सगळं छान चाललं. मग एकदा त्या म्हणाल्या, "मला तुमच्या कारागिरांना भेटायचंय. पाहुणे विचारतात, आपल्यालाही माहिती हवी ना."

मला अभिमान वाटला. त्यांच्याच गाडीतून मी त्यांना पवनानगरला घेऊन गेले. बाई पडवीत खाली मांडी घालून बसल्या, भाकरी खाल्ली, अजून थोडं पिठलं मागून घेतलं. मावशीला त्या 'आजी' म्हणत होत्या. मावशी खूश झाली. एवढ्या मोठ्या घरची बाई आपल्या दारात बसून जेवली, हे तिने नंतर शेजारणींना कितीतरी दिवस सांगितलं.

"आजी, तो कोपऱ्याचा टाका जरा सावकाश दाखवा ना," बाई म्हणाल्या आणि मोबाइल समोर धरला.

मावशीने दाखवला. एकदा, दोनदा, तीनदा. सुई कुठून घालायची, मधला टाका खालच्या थरातून का घ्यायचा, दोरा किती ओढायचा. "लय वडायचा न्हाई, चुनी पडती," असं बजावूनसुद्धा सांगितलं. आणि मी शेजारी बसून दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं होतं. मोबाइलमध्ये टाका नीट दिसावा म्हणून.

त्यानंतरच्या दिवाळीला हॉटेलकडून मागणी आली नाही. मी फोन केला तर, "अजून पहिलाच माल आहे." दुसऱ्या वेळी फोन उचलला नाही. नाताळच्या गर्दीआधी मी स्वतःच खंडाळ्याला गेले.

दुकानातल्या कपाटात माल भरलेला होता. पासपोर्टची पाकिटं, वायरींच्या गुंडाळ्या, चपलांच्या पिशव्या. आकार आमचे, कप्पे आमचे, नाडीची गाठसुद्धा आमची. कापड मात्र नवं, कारखान्यातलं. शिलाई मशीनची, आणि कोपऱ्यावर जाड लाल दोऱ्याने तीन टाके काढलेले. ते नुसते वरवर होते, नक्षीसारखे. खालच्या थराला लागलेच नव्हते. मी तिथल्या तिथे एक पाकीट ओढून पाहिलं, कोपरा लगेच सुटला. प्रत्येकाला एक देखणी चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावर सुई धरलेल्या दोन हातांचा फोटो होता. मनगटावरचं गोंदण मी ओळखलं.

बाई आतून आल्या. मला पाहून त्या दचकल्या नाहीत, उलट चहा मागवला.

"हे आमचं आहे," मी म्हणाले.

"तुमच्याकडून इतका माल वेळेवर मिळत नव्हता. आणि हे डिझाइन कुणा एकाचं थोडंच आहे?"

"तो टाका एका बाईने काढलाय. तुम्ही तिच्या दारात बसून शिकून आलात."

त्यांनी टेबलाच्या खणात हात घातला आणि माझी चिठ्ठी काढली. माझी, माझ्या नावाची. ती माझ्यापुढे ठेवून त्या मराठीत वाचायला लागल्या. "शेकडो वर्षांची परंपरा. अनाम हात. तुम्हीच लिहिलंय ना? मग परंपरा कुणा एकीची कशी असेल?"

"ते तसंच लिहितात," मी म्हणाले. "खरं म्हणजे ती एकाच बाईची आहे."

"मग तिचं नाव कुठे आहे?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. कपाळाला आठी घालून त्या चिठ्ठीवर नाव शोधत होत्या. चिठ्ठी उलटूनही पाहिली. मागे फक्त माझा फोन नंबर होता. चहा आला. मी तो न घेता, कोपरा सुटलेल्या पाकिटाचे पैसे ठेवून ते घेऊन उठले आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कठड्यावर कितीतरी वेळ बसून राहिले.

मंगळवारी मावशीकडे गेले. वाटेत ठरवलं होतं की फक्त हॉटेलच्या बाईंबद्दल बोलायचं. तसंच बोललेही. तिथून आणलेलं पाकीट तिच्या हातात दिलं. तिने चिठ्ठीवरचा फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ह्ये तर माजंच हात." तिला हसू आलं. मग तिने कोपरा पाहिला आणि हसू गेलं. "ह्ये टिकायचं न्हाई. मी एवढं सांगितलं तिला."

"मी भांडले, मावशी. पण ती म्हणते, ही तर जुनी परंपरा आहे, सगळ्यांचीच."

"कोन म्हनलं जुनी? तुला सांगितलं हुतं की म्या, पोरीपायी काढलं म्हनून. तू तिला सांगायचं न्हाई व्हय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. हुशार बाई, माझं तोंड वाचायला तिला इंग्रजी लागत नव्हतं.

"तुजी ती गुळगुळीत चिट्टी आन हिकडं. काय लिवलंय तिच्यावर?"

पिशवीत चिठ्ठ्या होत्याच. मी एक काढली आणि मराठी करून वाचली. सगळी वाचली. शेकडो वर्षं, अनाम हात.

"अनाम म्हंजी?"

"ज्यांचं नाव माहीत नाही असे."

"तुला माजं नाव ठावं न्हाई?"

"आहे."

"आनि वर ह्ये मोठं लिवलंय त्ये कुनाचं?"

"माझं."

तिने सुई गोधडीत खोचून ठेवली. पडवीच्या बाहेर कॅम्पवर गाणी लागली होती, कुणीतरी माइकवर आवाज तपासत होतं. तिने माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन पिशवीत परत ठेवली. मग म्हणाली, "मग त्या बाईनं तुजं चोरलं. माजं तर आदीच गेलतं."

रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हिशेब समजल्यासारखं बोलली. त्या दिवशीही तिने मला जेवायला वाढलं.

पुढच्या मंगळवारी माझा गठ्ठा जसा दिला होता तसाच बांधून पडवीत ठेवलेला होता. एकही तुकडा शिवलेला नव्हता. मावशी म्हणाली की डोळ्यांनी दिसेना झालंय. त्याच पडवीत, त्याच चष्म्याने ती एका बाळंतिणीसाठी दुपटं शिवत होती.

मी नव्या चिठ्ठ्या छापल्या. वर तिचं नाव, खाली लहान अक्षरांत माझं. तिच्या मुलीची आणि त्या गोधडीच्या कोपऱ्याची गोष्ट त्यात लिहिली, या वेळी मराठीत. घेऊन गेले. तिने बोट ठेवून अक्षर अक्षर लावत स्वतःचं नाव वाचलं.

"शिवतंय कोन आता?"

"मीच. तुम्ही दाखवलं होतं तसं."

"मग माजं नाव कशापायी? ज्येचा हात त्येचं नाव लाव." चिठ्ठ्यांची पुडकी तिने माझ्याकडे सरकवली. "आन त्यो टाका आता सोड. माजा हाय म्हनतीस न्हवं?"

मी सोडला. कोपऱ्यांना आता कारखान्यातल्यासारखी प्लॅस्टिकची पट्टी लावते. खंडाळ्याच्या कपाटात त्या लाल दोऱ्याच्या पिशव्या अजून आहेत, दुसऱ्या हॉटेलांतही दिसायला लागल्यात. त्या बाई आता मोठमोठ्या कार्यक्रमांत ग्रामीण कलेवर बोलतात. मी शनिवार-रविवारी चिक्कीच्या दुकानांच्या रांगेत टेबल लावते. कोण शिवतं असं कुणी विचारलं की 'मी' एवढंच सांगते. बहुतेकांना ते कमी वाटतं आणि ते पुढच्या दुकानात जातात.

गेल्या उन्हाळ्यात तंबू आणायला मला पुन्हा पवनानगरला जावं लागलं. मावशी आता कॅम्पच्या स्वयंपाकघरात असते. चुलीपुढे भाकरी थापते आणि पाहुणे भोवती उभे राहून बघतात. जेवणाची वेळ झाली होती म्हणून मीही रांगेत ताट घेऊन पुढे सरकले. तिने मान वर केली. ओळखलं. मला एक क्षण वाटलं की आता 'कवा आलीस?' विचारेल. तिने भाकरीचा अर्धा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाली,

"ताई, तुमाला पिटलं वाडू का भाजी?"

"पिठलं," मी म्हणाले.

तिने वाढलं आणि माझ्या मागच्या माणसाचं ताट हातात घेतलं.