मावशींचे विलायती यात्रेकरू

माणसांना माझ्या बायकोच्या मावशींइतका जीव लावणारी आणि माणसं ओळखण्यात त्यांच्याइतकी सपशेल चुकणारी बाई अख्ख्या पंचवटीत दुसरी झाली नसेल. त्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. एका वर्षी स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे स्वतःच्या स्कूटरवरून आले, तर मावशींनी त्यांना मागच्या बाजूला खुर्च्या लावायला पाठवलं, आणि हिशेब मागायला आलेल्या मांडववाल्याला हाताला धरून स्टेजवर नेलं, शाल पांघरली, नारळ दिला. मांडववाला भला माणूस. त्याने मुलींना चार शब्द सांगितले, आणि ते पाहुण्यांपेक्षा बरे होते असं मुलींचं मत पडलं. मावशींना मात्र दोन दिवस उलगडा होईना. "अहो जावईबापू, त्याच्या चेहऱ्यावर केवढं तेज होतं!" मला त्या जावईबापूच म्हणत. लग्नाला बारा-पंधरा वर्षं उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी मी आपला जावईबापू.

पन्नाशीला आल्यावर या मावशींनी बहिःस्थ एम.ए.ला नाव घातलं, आणि तेही इंग्रजीत. कारण एवढंच की निवृत्तीच्या आधी इंग्रजीचा एक तरी तास आपल्या वाट्याला यावा, आणि मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या, इंग्रजीची पदवी आणा मग बघू. अभ्यासाला नेमकं सहाशे वर्षांपूर्वीचं काव्य आलं. विलायतेतले यात्रेकरू घोड्यांवर बसून देवदर्शनाला निघालेत आणि वाट सरावी म्हणून गोष्टी सांगताहेत. सरदार आहे, मठातली बाई आहे, पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकणारा आहे, नांगर धरणारा शेतकरी आहे. मावशी हरखून गेल्या. रोज संध्याकाळी त्या खाकी कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन आमच्याकडे यायच्या आणि मी ऑफिसातून येऊन चपला काढतो न काढतो तोच विचारायच्या, "जावईबापू, तुम्ही कोणत्या वर्गात?"

त्याचं असं होतं की त्या काळी तिकडे माणसांचे तीन वर्ग मानत. प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे. मी सरकारी कचेरीत कारकून, तेव्हा मी भीत भीत "राबणारे" म्हणालो. बायको स्वयंपाकघरातून हसली. मावशी म्हणाल्या, "छे! त्या काळी लिहिता येणारे ते सगळे मठातले. तुम्ही प्रार्थना करणारे." मी उभ्या आयुष्यात घरात निरांजन लावलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मठात गेलो आणि तिथून बाहेर कसं पडायचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

इथवर ठीक होतं. पण त्या जुन्या साहित्यातला गिरणीवाला पीठ चोरतो, असं मावशींनी वाचलं. त्यांच्या गल्लीतले गिरणीवाले मूळचे देवळ्याकडचे, सोन्यासारखा माणूस, भुवयांवर कायम पिठाची साय. मावशी गव्हाचा डबा घेऊन गेल्या आणि भर गर्दीत, अगदी आदराने, त्यांनी विचारलं, "काय हो, तुमच्यात पीठ मारायची पद्धत कशी असते?"

गिरणीवाल्यांनी फिरता पट्टा बंद केला म्हणे.

"बाई, घट येते. पीठ उडतं. चोरी नाय करत आम्ही."

"अहो, तुम्हाला नाही म्हणत मी. सहाशे वर्षांपूर्वीचा एक गिरणीवाला होता, तो मारायचा."

"कोण? नाव सांगा. कुठला हाय?"

"विलायतेचा."

"मंग विलायतेलाच न्या दळण," असं म्हणून गिरणीवाल्यांनी डबा उचलून बाहेर पायरीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी मावशींचे नातेवाईक म्हणून आमचाही डबा परत आला. बायको चिडली, मी घाबरलो, आणि मावशी डोळ्यांत पाणी आणून परत परत एकच विचारत होत्या, "पण मी चुकीचं काय बोलले?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं. आणि समजावून सांगायला बसलो की मलाही कळेनासं व्हायचं.

शेवटी तोड मावशींनीच काढली. यात्रा. सगळ्यांनी एका जीपमधून सप्तशृंगी गडावर जायचं आणि वाटेत प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, म्हणजे रुसवाही जाईल आणि अभ्यासही होईल. गिरणीवाले तयार नव्हते, पण त्यांच्या बायकोचा देवीला बोललेला नवस राहिला होता, म्हणून तोंड फिरवून का होईना येऊन बसले. लढणाऱ्यांपैकी कोणीतरी हवं म्हणून मावशींनी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त सुभेदारांना घेतलं. राबणारे गिरणीवाले होतेच. प्रार्थनेला मी.

दिंडोरी मागे पडली तशी मावशींनी सुभेदारांना लढाईची गोष्ट सांगायला सांगितलं. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लढाई कुठली बाई? माझी सगळी नोकरी रेशनच्या गोदामात गेली. पीठ मोजून द्यायचो." मग ते गिरणीवाल्यांकडे वळले. "घट तर आमच्याकडेही यायची."

गिरणीवाले पहिल्यांदा हसले. दोघांचं असं काही जमलं की वणी येईपर्यंत गाडीत पिठाशिवाय विषय नव्हता. पुढे गड दिसू लागला तसे गिरणीवाले हात जोडून देवीचं गाणं म्हणायला लागले, आणि तो आवाज असा की ड्रायव्हरने गाडी हळू केली. मावशी माझ्या कानाशी आल्या. "जावईबापू, प्रार्थना करणारे तर हे निघाले. मग तुम्ही कोण?" मी म्हटलं, "मी तुम्हालाच विचारणार होतो."

दर्शन झालं, नवस फिटला, आणि खाली उतरून आम्ही सावलीला दशम्या सोडल्या. तिथे गिरणीवालीणबाईंनी विचारलं, "ताई, तुमच्या त्या पुस्तकात बाया कशात धरत्यात?"

"बायकांचं वेगळं होतं," मावशी म्हणाल्या. "कुमारिका, लग्न झालेली आणि विधवा. बस्."

"मंग तुमी कशात?"

माझा घास हातातच राहिला. मावशींचं लग्न झालं होतं एवढं आम्हाला ठाऊक होतं, पण तो विषय घरात कोणी काढत नसे. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं.

मावशींनी दशमीचा तुकडा खाली ठेवला. "तेच तर मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "लग्न झालं, आणि सहा महिन्यांत मला परत आणून सोडलं. का, ते सांगितलं नाही. त्यांनी दुसरं केलं. अजून आहेत ते, बरे आहेत. मग मला लग्न झालेली म्हणायचं की काय म्हणायचं? मी पुष्कळ शोधलं त्या पुस्तकात. नाही सापडलं."

त्या रडत नव्हत्या. वर्गात फळ्यावरचं गणित अडावं तसा चेहरा होता त्यांचा. गिरणीवालीणबाई सतरंजीवर सरकल्या आणि बाजूची जागा थोपटून म्हणाल्या, "इकडं या. हितं सावली हाय." मावशी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. गिरणीवाल्यांनी ठेच्याचा डबा मुकाट्याने मावशींपुढे सरकवला. आमचं दळण दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

परीक्षेत नेमका त्या वर्गांवरच प्रश्न आला. मावशी घरी आल्या त्या खुशीत. "मी लिहून आले, की कवीचाही गोंधळच झालेला आहे. त्याने कप्पे पाडले आणि माणसं त्यात मावेनात." तपासणाऱ्याला हे पटलं की तोही गोंधळला कोण जाणे, पण मावशी सेकंड क्लासमध्ये पास झाल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी शब्द पाळला, पाचवीचं इंग्रजी दिलं. दर चैत्रात आमची जीप गडावर जाऊ लागली, तीच माणसं, तोच गोंधळ.

पुढे निवृत्तीनंतर मावशींचा भाचा त्यांना आपल्याकडे इंग्लंडला घेऊन गेला. एका रविवारी त्यांचा फोन आला. आवाज खोलवरून आल्यासारखा. पुस्तकातले ते यात्रेकरू जिथे दर्शनाला निघाले होते, त्या गावाला भाच्याने त्यांना नेलं होतं. "केवढं मोठं देऊळ हो! मी चपला काढल्या तर एक माणूस धावत आला, घाला म्हणाला. सगळे रेनकोटात. सगळे फोटो काढतायत. मी शेजारच्या बाईला विचारलं, कुठून आलात, काय करता? ती लांबच जाऊन उभी राहिली." मग म्हणाल्या, "यंदा गडावर जाऊन आलात ना?"

"नाही मावशी. कोणी विषयच काढला नाही."

"मग जा," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी जा. आणि गिरणीवाल्यांना खिडकीशी बसवा. त्यांना गाडी लागते. ते सांगत नाहीत."

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसून गेलो होतो. मला ठाऊक नव्हतं.