हाफपँटचा कोटा

सख्ख्या भावाचा हेवा करताना माणसाला थोडी तरी लाज वाटते. साडूचा हेवा करायला मात्र देवानेच परवानगी दिलेली आहे, आणि आमचे धुळ्याचे साडू तर जन्माला आले तेच माझ्या पोटात दुखावे म्हणून.

मी जळगावच्या पिंप्राळ्यात राहणारा बँकेतला कारकून, आणि थोरला जावई. सासुरवाडी पारोळ्याला, दोघांच्याही वाटेवर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, खापरावरचा पहिला मांडा, पुरणाने टम्म भरलेला, माझ्या ताटात पडायचा. मग साडूंनी धुळ्यात शिलाई मशिनी टाकल्या, मुंबईच्या एका व्यापाऱ्यासाठी ते सुती पँटी शिवू लागले, त्या अमेरिकेला जाऊ लागल्या, आणि पहिला मांडा माझ्या ताटावरून पुढे सरकला. एवढी स्कूटर हाणत जायचं आणि दुसरा मांडा खायचा, हे दुःख थोरल्या जावयालाच कळेल.

साडू माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. नमस्कार तुम्हाला, नजर तुमच्या पँटीच्या शिवणीला. मेहुण्याच्या साखरपुड्यात त्यांनी वाकून व्याह्यांच्या पँटीचं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं. व्याह्यांना वाटलं पाया पडतात, त्यांनी आशीर्वाद देऊन टाकला. अमेरिकेबद्दल तर ते बांधाला बांध लागून असल्यासारखं बोलत. "यंदा तिनं जकात वाढवली, भाऊ. मी म्हटलं, वाढव!" धुळ्याच्या जकात नाक्यावर टेम्पो अडवला की विचारत, "आधी तुम्ही घेता, मग ती घेते, शिवणाऱ्यानं घालायचं काय?" नाक्यावरचा माणूस हसून त्यांच्यासाठी चहा मागवी. मला माझ्या बँकेतसुद्धा चहा स्वतः मागवावा लागे.

एका आखाजीला मात्र साडूंचा चेहरा उतरलेला होता. "अमेरिकेनं कोटा ठरवलाय. सुती पँटी वर्षाला इतक्याच घेणार. कोटा संपला, माझा माल अडकला." सासूबाईंना कोटा ठाऊक तो रेशनचा. त्या कळवळल्या, "अमेरिकामा बी रेशनच शे का, पाव्हना? आमनी साखर लई जा." आणि खरोखर पिशवी भरून दिली. मला मनातून गुदगुल्या झाल्या. वाटलं, पुढच्या आखाजीला पहिला मांडा परत आपला.

पण साखरेची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले साडू एकदम उजळले. "कोटा पँटींचा संपलाय ना? हाफपँटींचा कुठं संपलाय?" धुळ्याला जाऊन त्यांनी अडकलेल्या सगळ्या पँटी गुडघ्यावर कापल्या आणि दुमडून शिवल्या. मुंबईचा व्यापारी आला आणि त्याने कपाळावर हात मारला. "अहो, पँट आणि हाफपँट एकाच कोट्यात मोजतात!"

ही बातमी ऐकून मी बायकोसमोर हळहळलो आणि न्हाणीघरात जाऊन हसलो.

पण त्या माणसाला हरणंसुद्धा माझ्यापेक्षा बरं जमलं. पुढच्या आखाजीला ते हाफपँटींचा गठ्ठाच घेऊन पारोळ्यात उतरले आणि वाटत सुटले. जन्मभर धोतर नेसलेले सासरे हाफपँट घालून ओट्यावर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "अमेरिकाना माल शे. बठ्ठा मन्हा जवाईनी शिवेल शे." पहिला मांडा अर्थातच साडूंना.

माझी पाळी आली तेव्हा साडूंनी प्रथमच माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एक घडी पुढे केली. उलगडली तर अख्खी पँट. "एवढी एकच ठेवली, भाऊ. कात्री घेतली होती हातात. पण म्हटलं, थोरले जावई हाफपँटमध्ये बरे दिसायचे नाहीत." मापाला तंतोतंत बसली, इतकी वर्षं त्यांनी दुसरं बघितलं काय होतं? मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

पुढे मशिनी विकून ते सुरतेला कुणाच्या तरी कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून गेले. आखाजीला येणं जमेनासं झालं. आता पहिलं पान माझं. ती पँट घालूनच मी पाटावर बसतो. कमरेत होत नाही, वरचं बटण उघडं ठेवतो. सासरे ओट्यावरून साडूंची वाट बघत विचारतात, "धुयाना पाव्हना उनात का?" सासूबाई पहिला मांडा उतरवतात आणि ताटाखाली झाकून ठेवतात. दुसरा माझ्या ताटात पडतो, आणि तो मोडण्याआधी मीही एकदा दाराकडे बघून घेतो.