टोकनाआधीचा कागद

यशोधरा ओव्हाळला घाई करणाऱ्या माणसांचा राग यायचा, आणि तिच्या सगळ्या गोतावळ्यात घाई न करणारं माणूस एकच होतं, ती स्वतः. देहूरोडच्या लष्करी डेपोत ती स्टोअरकीपर. वडील, सोपान, तिथंच नोकरीत असताना गेले. त्यांच्या जागी ही बाविसाव्या वर्षी लागली, त्याला आता चोवीस वर्षं झाली. एवढ्या काळात इंडेंट, म्हणजे मागणीचा सही-शिक्क्याचा कागद, हातात पडल्याशिवाय तिनं कुणाला नटबोल्टसुद्धा दिला नाही. एकदा एका साहेबाला तिनं दारातूनच परत पाठवलं होतं. साहेब तणतणत गेले आणि अर्ध्या तासात कागद घेऊन आले. ही गोष्ट डेपोत अजून सांगतात. ती स्वतः सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं तिला वाटतं.

लग्न केलं नाही. का, हे नातेवाइकांनी तिच्या पस्तिशीपर्यंत विचारलं, मग त्यांचाच उत्साह संपला. डेपोचं क्वार्टर कंडम ठरवून पाडलं, तेव्हापासून ती आणि आई बयाबाई घोरावाडी स्टेशनाजवळ दोन खोल्यांत भाड्यानं राहत. दर अकरा महिन्यांनी करारनामा, दर करारनाम्याला भाडेवाढ. गेल्या सप्टेंबरात घरमालकानं चहाला बोलावून सांगितलं, की मुलाचं लग्न ठरलंय, खोल्या एप्रिलअखेर लागतील. चहा चांगला होता. यशोधरानं तो पूर्ण प्यायला आणि घरी येऊन आईला म्हणाली, "आता सामान एकदाच हलवायचं. स्वतःच्या घरात."

हे ऐकून सगळ्यात आधी पेटला तो धाकटा भाऊ प्रज्ञेश. तो लोणावळ्यात राहतो, पर्यटकांना गाडीतून पॉइंट दाखवत फिरवतो, आणि तीच सवय त्याला घरच्या माणसांच्या बाबतीतही आहे. पुढच्याच रविवारी त्यानं आईला आणि बहिणीला गाडीत घालून वराळ्याला एक नवी साइट दाखवायला नेलं. नेलं म्हणजे न्यायला आला. यशोधरा गाडीत बसलीच नाही.

"ताई, नुसतं बघायला काय पैसे पडतात?"

"पडतात. बघितलं की आवडतं, आवडलं की परवडतं असं वाटायला लागतं. आधी बँकेत जाते. किती देतात ते लिहून घेते. मग बघू."

"अगं, घरच नाही तर बँक कर्ज कशावर देणार?"

"माझ्यावर."

प्रज्ञेश हसला. बयाबाईही हसल्या. "पोरगी बघायच्या आधी वरातीचा घोडा ठरवतीया बग ही," त्या लेकाला म्हणाल्या आणि दोघं वराळ्याला जाऊन आले. येताना मोबाइलमध्ये फोटो होते: दोन बेडरूमचा सॅम्पल फ्लॅट, त्यात कुणाच्या तरी सोफ्यावर बसलेल्या बयाबाई, चप्पल काढून, पाय अवघडून. किंमत एक्केचाळीस लाख. दसऱ्याला, म्हणजे यांच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, टोकन दिलं तर पार्किंग फुकट.

"टोकन माझ्याकडून," प्रज्ञेश म्हणाला. "एक्कावन्न हजार. बाजूला काढून ठेवलेत. फोटो काढू, आईच्या हातनं देऊ."

आपल्याकडे घर घ्यायची रीतच अशी उफराटी आहे. आधी दुसऱ्याच्या सोफ्यावर बसायचं, मुहूर्त गाठून टोकन द्यायचं, पेढे वाटायचे आणि मग बँकेच्या काउंटरवर जाऊन विचारायचं, मला किती देता हो? बँक कमी सांगते. मग मेहुण्याकडे, सोनाराकडे, जिकडे तोंड जाईल तिकडे धावाधाव. टोकन परत मागायला गेलं की साइटवरचा तोच गोड बोलणारा पोरगा ओळख दाखवत नाही. इतक्यांचं असं झालेलं असूनही पुढचा माणूस त्याच दारानं आत जातो, कारण टोकनाचा फोटो निघतो, बँकेच्या कागदाचा निघत नाही.

यशोधरा दसऱ्याच्या दहा दिवस आधी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बँकेत गेली. सहा महिन्यांच्या पगारपावत्या, दोन वर्षांचा फॉर्म सोळा, बँकेचे उतारे, सगळं क्रमानं टाचून. कर्ज विभागात अमृता नावाची तरुण अधिकारी होती. कागद बघून ती खूश झाली. इतके नीट लावलेले कागद तिला रोज मिळत नसावेत.

"घर ठरलंय मॅडम?"

"नाही. घर ठरवायच्या आधी तुम्ही किती देणार, ते लिहून पाहिजे."

"तत्त्वतः मंजुरी. देतो ना आम्ही. फार कुणी मागायला येत नाही." अमृतानं नाव, पॅन नंबर टाकला आणि पडद्याकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला. "मॅडम, दोन हजार अठरामध्ये तुम्ही गाडी घेतली होती?"

गाडी प्रज्ञेशची. त्याला कुणी कर्ज देईना, म्हणून ताईच्या पगारपावतीवर, ताईच्या नावानं घेतलेली. आपल्या घरांमध्ये एकाला पक्की नोकरी असली की त्याच्या पगारपावतीवर अख्खी भावकी कर्ज काढते. यशोधरानं आयुष्यात कागद न बघता केलेली ही एकच सही. लॉकडाऊनमध्ये पर्यटक बंद, हप्ते बंद. वर्षभरानं फायनान्स कंपनीशी तडजोड करून प्रज्ञेशनं थोडी रक्कम एकदम भरली, उरलेले शहाण्णव हजार कंपनीनं सोडले. तडजोडीचं पत्र घेऊन तो घरी आला तेव्हा त्यानं पेढे आणले होते. बयाबाईंनी चाळीत वाटले. लेकानं कंपनीला नमवलं म्हणून कौतुक झालं होतं.

"ते मिटलं ना पण?" यशोधरानं विचारलं.

"मिटलं, पण पुरतं भरून नाही. कंपनीनं तसं नोंदवलंय, की या बाईंनी घेतले तेवढे परत केले नाहीत. ही नोंद असेपर्यंत माझे साहेब सही करणार नाहीत. उरलेले भरा, 'येणे बाकी नाही' असं पत्र घ्या, नोंद बदलू दे, मग या." आणि मग कागद परत देता देता म्हणाली, "टोकन वगैरे दिलं नाहीत ना कुठं?"

"नाही."

"बरं केलंत."

यशोधरा स्टेशनावर येऊन बसली. समोरून एक लोकल गेली, मग दुसरी. ती रडली वगैरे नाही. एप्रिलपर्यंत किती महिने उरतात, ते तिनं बोटांवर मोजलं आणि तिसऱ्या लोकलनं घरी गेली.

रात्रीचं जेवण उरकायच्या आत प्रज्ञेशला बोलावून घेतलं. त्याचा विश्वास बसेना.

"कंपनीनं स्वतः माफ केलं, ताई! सहीशिक्क्याचं पत्र आहे माझ्याकडं."

"पत्र तुझ्याकडं, नोंद माझ्यावर. ते शहाण्णव हजार भरायचेत. तुझे एक्कावन्न काढ, वरचे पंचेचाळीस मी घालते."

"ते घराचे आहेत."

"हेच घराचं आहे."

"हेच कसं? हे जुनं लफडं आहे. माफ झालेलं कर्ज परत भरणारा माणूस बघितलायस तू? लोणावळ्याच्या स्टँडवर सांगितलं ना, तर मला गाडीसकट दरीत ढकलतील." तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. खोली लहान, तीन पावलांत भिंत यायची. "मी काय माझ्यासाठी ठेवले होते ते? आईच्या हातनं द्यायचे होते. एकदा तरी म्हटलं, ह्या घरात माझं काहीतरी असू दे."

यशोधराला हे कळत नव्हतं असं नाही. एवढी वर्षं घर तिच्या पगारावर चाललं. भावाला एकदा तरी देणाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं होतं, तेही चार माणसांसमोर. कंपनीच्या खिडकीत पैसे भरायला चार माणसं येत नाहीत. पण कळलं म्हणून ती मऊ झाली नाही.

"प्रज्ञ्या, टोकन दिलंस तर ते जाईल आणि घरही येणार नाही. तुला फोटो पाहिजे का मला घर पाहिजे, तू ठरव."

"आये, तू तरी बोल की!"

बयाबाई भाकरी मोडत होत्या. लेकाच्या बाजूनं बोलायची त्यांची आयुष्यभराची सवय. या वेळी त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "पेढं म्याच वाटलं व्हतं रं," त्या म्हणाल्या. "समद्या चाळीला. आता कुनाला सांगू?" आणि पुढं म्हणाल्या, "भर जा."

प्रज्ञेश न जेवता गेला. दसऱ्याच्या दिवशी तिघं देहूरोडच्या विहारात गेले, वंदना झाली, खीर झाली, तो बहिणीशी बोलला नाही. त्यानंतरच्या मंगळवारी डेपोत जेवणाच्या सुट्टीत तिच्या फोनवर पावतीचा फोटो आला. एक्कावन्न हजार. खाली एक शब्दही नाही. उरलेले तिनं त्याच दुपारी भरले.

पत्र यायला तीन आठवडे, नोंद बदलायला पुढचा दीड महिना. कंपनीला तिनं सात अर्ज केले, प्रत्येकाची पोच घेतली. डेपोतली रेणुका रोज विचारायची, "काय यशोताई, झालं का घर?" आणि ही म्हणायची, "घर नाही, कागद." रेणुका म्हणायची, "तुमचा कागद होईस्तोवर वराळ्यात टॉवर उभे राहून पडायला येतील." पडले नाहीत, पण तो एक्केचाळीसवाला फ्लॅट गेला आणि तसलाच दुसरा पंचेचाळीसला झाला. बयाबाईंनी हे चार वेळा ऐकवलं. "कागुद पांगरून झोपायचं का एप्रिलात?" असंही.

जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी अमृतानं पत्र दिलं. चोवीस लाख, चौदा वर्षांत फेडायचे, पत्राची मुदत तीन महिने. "हे तुम्हाला मंजूर झालंय, घराला नाही," तिनं समजावलं. "घर ठरलं की त्याचे कागद आमचा वकील वेगळे तपासणार. त्यात खोट निघाली तर हे पत्र असूनही पैसे मिळणार नाहीत."

"तसंच पाहिजे," यशोधरा म्हणाली.

चोवीस आणि शिल्लक सात. त्यातून मुद्रांक, नोंदणी, वकील वजा जाता घर अठ्ठावीसच्या आत. म्हणजे दोन बेडरूम नाहीत, वराळ्याचा टॉवर नाही, जलतरण तलाव नाही. यशोधराला पोहता येत नव्हतं. तिनं चार रविवारांत नऊ घरं पाहिली. किंमत आधी फोनवर विचारायची. अठ्ठावीसच्या वर गेली की "नमस्कार" म्हणून फोन ठेवायची. एका दलालानं "मॅडम, बघून तर घ्या" म्हटलं, त्याचा नंबरच तिनं पुसून टाकला.

दहावं घर घोरावाडीतच, स्टेशनापलीकडं, जानूभाऊ शेलारांचं. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, मूळचा वराळ्याचा. गावी मुलानं घर बांधलं म्हणून हा फ्लॅट विकायचा. पहिला मजला, एक बेडरूम, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. बयाबाई कठडा धरून वर आल्या, मोजून सोळा पायऱ्या, आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना आवडलं हे कळलं, कारण डबे कुठं लावायचे ते त्या बोटानं दाखवायला लागल्या.

पण आणखी एक जोडपं आधीच आलेलं होतं. पिंपरीचं, मोठ्या गाडीतून. ते साडेअठ्ठावीस द्यायला तयार. वर, टोकन आत्ता रोख देतो म्हणाले.

"आन् बँकेचं?" जानूभाऊंनी विचारलं.

"ते होईल हो काका. आमच्या ओळखी आहेत."

जानूभाऊंनी पायातली चप्पल पुढं-मागं केली. "ओळखी मागल्या दोगांच्याबी व्हत्या. येकानं टोकन दिलं, चार म्हयनं गेलं, बँक न्हाई म्हनली. दुसऱ्यानं पाच म्हयनं खाल्लं. दोगांचंबी टोकन म्या घरी जाऊन परत दिलं, कुनाचं ठिवलं न्हाई. पर माजं सालभर गेलं त्येचं काय?" मग यशोधराकडं वळले. "तुमचं काय म्हननं हाय, ताई?"

यशोधरानं पिशवीतून पत्र काढून दिलं. "अठ्ठावीस. वर एक रुपया नाही, माझ्याकडं नाहीच. चोवीस बँक देणार, ते इथं लिहिलंय. बाकीचे माझ्या खात्यात आहेत. तुमचे मूळ कागद दाखवा, उद्या वकिलाकडं देते."

जानूभाऊंनी चष्मा चढवला आणि ओळीखाली बोट धरून पत्र शेवटपर्यंत वाचलं. पिंपरीच्या बाई दोनदा खाकरल्या. "ह्यो कागुद खरा कशावरनं?" जानूभाऊंनी विचारलं.

"खाली बँकेचा नंबर आहे. उद्या फोन करा. तुमच्या जागी मी असते तर मीही केला असता."

हे त्यांना पटलं. सोमवारी अकराच्या ठोक्याला त्यांनी बँकेत फोन केला, दुपारी यशोधराला केला. "पन्नास हजार कमी घेतोय म्या," ते म्हणाले, "तेवड्यात सालभराची झोप मिळंल. या कागद घ्यायला."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वडगावला नोंदणी झाली. त्याआधी एकदा बयाबाईंनी विषय काढलाच, की कागदावर पोराचं नाव असू द्यावं, बाईमाणसाचं एकटं नाव बरं दिसत न्हाई. यशोधरानं सांगितलं, फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, अठ्ठावीस हजार. बयाबाईंनी विचार केला आणि पोराचं नाव परत काढलं नाही. तिचं आणि आईचं, दोन नावं लागली. प्रज्ञेश साक्षीदार म्हणून आला. सही करण्याआधी त्यानं दस्त पहिल्या पानापासून वाचायला घेतला, मागं रांग खोळंबली, कारकून वैतागला, तरी त्यानं वाचून संपवला. बहिणीशी तो आता बोलत होता. पूर्वीइतकं नाही, आणि पूर्वीइतकं मोठ्यानंही नाही.

सामान एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हललं. संध्याकाळी भांड्यांची पोती भिंतीला लावून मायलेकी जमिनीवरच बसल्या.

"हप्तं किती म्हनलीस?" बयाबाईंनी विचारलं.

"एकशे अडुसष्ट. चौदा वर्षं."

"तवर म्या काय ऱ्हात न्हाई."

"तुझं सांगता येत नाही. मी मात्र त्याच वर्षी रिटायर होते."

बयाबाईंनी पाय लांब केले आणि गुडघे दाबत म्हणाल्या, "मग ठीक हाय. रिकामं बसायला तरी जागा आपली आसंल."