तीनच्या खांबात चारची तुळई

हिल्डा ट्रँटरला कुणी म्हटलं, बाई, तुझी बिअर पांचट आहे, तर ती हसून आणखी एक ग्लास पुढे सरकवायची. पण तिच्या पबला कुणी नकली म्हटलं की खैर नाही. आणि त्या मंगळवारी भर दुपारी जुन्या इमारतींचा सरकारी तपासनीस क्रॉफ्टन नेमकं तेच म्हणाला.

इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या त्या खेड्यात ‘लंगडा एडका’ हा पब हिल्डा एकतीस वर्षं चालवत होती. जागा मात्र एका बिअर कंपनीची. कंपनीवाल्यांना इमारत म्हणजे निव्वळ चौरस फूट. पाडायची आणि फ्लॅट काढायचे, एवढंच त्यांना कळतं. इमारत खरोखर जुनी ठरली तरच ती संरक्षित यादीत जाणार आणि कंपनीचे हात बांधले जाणार.

क्रॉफ्टनने डोक्यावरच्या काळ्या वाशावर बोटं वाजवली. आतून डब्यासारखा आवाज आला.

“मिसेस ट्रँटर, हा पोकळ आहे. गिऱ्हाइकांना भुलवायला शंभर वर्षांपूर्वी पबवाले असल्या फळ्या ठोकायचे. बाहेरची वीटही काही फार जुनी नाही.”

हिल्डा लालबुंद झाली. याच वाशांकडे बोट दाखवून तिने एकतीस वर्षं पाहुण्यांपुढे फुशारक्या मारल्या होत्या!

शेकोटीजवळ म्हातारा सुतार पर्सलो खोकत खोकत हसला. “मी तुला सांगत होतो, हिल्डा. तू ऐकशील तर ना!”

“तू गप पी रे! साहेब, घर काय नुसतं खालीच असतं? वर चला. बूट पुसून.”

तिच्या झोपायच्या खोलीत, कपाटाशेजारी, एक उघडा खांब होता. त्यातून बाहेर आलेल्या लाकडी खुंटीवर ती रोज कोट अडकवायची. खांबावर कोरलेल्या तीन उभ्या चिरा होत्या. कुण्या रिकामटेकड्या भाडेकरूचा उद्योग, असं तिला वाटायचं.

मागोमाग धापा टाकत आलेल्या पर्सलोने खुंटीवरचा तिचा कोट काढून पलंगावर फेकला. “साहेब, सांगाडा सुताराच्या अंगणात जुळवायचा, प्रत्येक सांध्याच्या खांबाला नि तुळईला चिरांनी एकच आकडा घालायचा, सुटा करून गाडीतून आणायचा आणि इथे उभा करायचा. आमची जुनी रीत.”

क्रॉफ्टनने बॅटरी लावली. पहिल्या कोपऱ्यात खांबावर एक चीर, तुळईवरही एक. दुसऱ्यात दोनाला दोन. मग तिसऱ्या खांबात चारची तुळई आणि चौथ्यात तीनची! सांध्यात पाचर मारून कशीबशी बसवलेली.

“अदलाबदल केली की लेकाच्याने!” पर्सलो ओरडला. “दुपारची बिअर चढली असणार. म्हणून तुझी जमीन उतरती!”

“आणि मी इतकी वर्षं पलंगाखाली विटा लावतेय,” हिल्डा म्हणाली.

क्रॉफ्टन पहिल्यांदाच हसला. “देखाव्यासाठी ठोकणारा अशी चूक कशाला करेल? ही कामातली चूक आहे. बाहेरची वीट नंतरची, पण हा सांगाडा चारशे वर्षं तरी जुना.” त्याने तिथेच, उतरत्या जमिनीवर तिरपं उभं राहून, यादीसाठी शिफारस लिहिली.

खाली आल्यावर त्याने भीत भीत विचारलं, “आणि हे पोकळ वासे?”

“त्यांना कुणी हात लावायचा नाही,” हिल्डाने ग्लास भरत दम दिला. “त्यांनीही शंभरी गाठली आता.”