दंडावरचा पट्टा

खेळाच्या सरांनी पट्टा दिला तेव्हाच मला तो आवडला नव्हता. उघड्या दंडावर बांधायचा, बटण दाबायचं आणि भाला उचलायचा. कोपर खांद्याखाली घसरलं की मेला थरथरायचा. आवाज नाही काही, नुसती थरथर, पण कोपर वर नेईपर्यंत थांबायचा नाही. माझं तर दर फेकीला घसरायचं. डोकं फिरायचं नुसतं.

तरी सोडला नाही. विभागाच्या संघाची निवड आठवड्यावर आली होती. निवडले गेले तर खेळाडूंच्या वसतिगृहात जाणार, नाहीतर शिरड शहापूरच्या शिवारात हळद वेचायला, हे घरात ठरलेलं.

आणि नेमकं तेव्हाच कोपर ठणकायला लागलं. सर बाहेरगावी गेलेले. आबांनी, माझ्या वडिलांनी, बरोबर ओळखलं.

"काहून गं माय, हात धरून राहिली?"

"न्हाई आबा, जरा अवघडलाय."

आबांकडं सगळ्या दुखण्यावर एकच इलाज. एरंडाची पानं तव्यावर गरम करून त्यांनी कोपरापासून दंडापर्यंत गुंडाळली, वर जुन्या धोतराची चिंधी करकचून आवळली. पट्टा बांधला तो चिंधीवर. "कातडीला टोचंल लेकराच्या," म्हणाले. मलाही बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी पट्टा गप्प. एक फेक, दहा फेका, थरथर नाहीच.

"आता बराबर जमून राहिलं," आबा खुशीत म्हणाले.

रोज सकाळी नवी पानं, नवी चिंधी. ठणका मात्र वाढत होता. खरं सांगते, मला भीती वाटायची. आत काहीतरी ताणत चाललंय हे भाला उचलतानाच कळायचं. पण पट्टा काही म्हणत नाही, मग मी कशाला बोलू? निवड होईपर्यंत दात आवळून राहायचं ठरवलं.

निवडीच्या आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर शेवटची फेक केली. कोपरात वाळली काडी मोडल्यासारखा आवाज झाला. भाला चार पावलांवर पडला, हात तसाच लोंबकळत राहिला. निवड संपली हे मला तिथंच कळलं.

आबांनी धावत येऊन पट्टा सोडला आणि हातात धरून बघतच राहिले. तो थरथरत होता.

"रोज असाच करत होता का गं हा?"

मी दंडावरची पानं-चिंधीची जाड गुंडाळी चाचपली. तो बंद कसा करायचा ते आबांना ठाऊक नव्हतं. डाव्या हातानं मीच बटण दाबलं. त्याच हातानं आता हळद वेचते.